सदाफुली आणि धर्मशाळा

लिम्फोमाच्या इतिहासात औषधांबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं. पेशंट उपचारापुरता राहिला कुठे, जेवला काय, हे क्वचितच. वाशीमहून निघालेल्या पेशंटला मात्र दोन्ही लागतं.

१८३२ साली लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी लसिका ग्रंथी आणि प्लीहा सुजलेल्या सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मानेतली अशी न दुखणारी गाठ आपल्याकडे आजही आधी टीबीची समजली जाते. बायोप्सीशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही आणि महिने वाया जातात.

औषध मिळायला शंभरावर वर्षं गेली. १९४२मध्ये अमेरिकेत येल इथे मस्टर्ड गॅसच्या कुळातलं रसायन एका लिम्फोमाच्या पेशंटला टोचलं गेलं. गाठी विरघळल्या, पण परत आल्या आणि त्याच वर्षी पेशंट गेला. युद्धामुळे हा प्रयोग १९४६पर्यंत गुप्त राहिला.

पुढचं औषध मात्र आपल्या अंगणातलं. जमैकात मधुमेहावर वापरला जाणारा सदाफुलीचा पाला कॅनडात नोबल आणि बीर यांनी तपासला. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आलं. (म्हणून पाला चघळू नये, त्यात औषध नगण्य असतं आणि मात्रा कळत नाही.) १९७०च्या दशकात मिलानच्या बोनाडोना यांनी आणखी तीन औषधं जोडून एबीव्हीडी ही उपचारपद्धत बसवली. चारही औषधं पेशीवर वेगवेगळा घाव घालतात. एकातून निसटलेली पेशी दुसऱ्यात सापडते. सॉफ्टवेअरमध्ये आम्हीही एकाच तपासणीवर विसंबत नाही.

हॉजकिन लिम्फोमा पसरलेला असेल, तर ही औषधं साधारणपणे दर पंधरवड्याला, सहा महिने घ्यावी लागतात. म्हणजे बारा खेपा. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१पासून आहे, पण वाशीमच्या शेतमजुराने मुंबईत सहा महिने राहायचं कुठे?

याचं एक उत्तर वऱ्हाडातूनच गेलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवळं नाही, धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आज टाटाचे पेशंट आणि नातेवाईक अल्प खर्चात राहतात. तिथे आधी येऊन गेलेला माणूस नव्याला सांगतो, केस गळतील, पुन्हा येतील. उपचाराच्या खर्चासाठी सरकारी जीवनदायी योजना २०१३मध्ये राज्यभर लागू झाली. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. नागपूरलाही तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे.

व्हिनब्लास्टिन शोधणाऱ्यांची नावं पुस्तकांत आहेत. बाराव्या खेपेपर्यंत पेशंटला टिकवणाऱ्यांची नावंही त्याच इतिहासात यायला हवीत.