वाट, वहिवाट आणि चाकं

(चांदीप येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण आजचा विषय अगदी चिखलातला आहे. दुसऱ्याच्या शेतात न विचारता गाडी घालणं, हा तो विषय. याला इतिहास आहे आणि तो वाटतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे.

सुरुवात घरच्याच गोष्टीने करतो. गेल्या पावसाळ्यात आवणी उरकून आठ-दहा दिवस झाले होते. रविवारी सकाळी तीन जीपगाड्या आणि काही मोटारसायकली शिरसाड-वज्रेश्वरी रस्ता सोडून आत वळल्या. त्यांना ओढ्यापर्यंत जायचं होतं. मधे माझ्या शेजाऱ्याची खाचरं. गाड्यांनी दोन ठिकाणी बांध फोडला, वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरलं आणि नुकती धरू लागलेली रोपं चाकांखाली गेली. शेजारी धावत गेला तेव्हा त्यातला एक मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, इथे तर नुसतं गवतच आहे."

भाताला तो गवत म्हणाला. तो उद्धट नव्हता, हे लक्षात घ्या. त्याला खरोखरच तिथे काही दिसलं नव्हतं. संध्याकाळी शेजारी माझ्या ओटीवर आला आणि म्हणाला, "सर, आता चारी बाजूंनी तारेचं कुंपण घालतो. बरोबर ना?" मी त्याला त्या दिवशी उत्तर दिलं नाही. आज देतो आहे.

थोडं लांबून येतो, कंटाळू नका. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी पुतण्याकडे कॅनडातल्या क्युबेक प्रांतात गेलो होतो. तिथे स्नोमोबिल नावाचं वाहन चालतं. बर्फावरची मोटारसायकलच म्हणा. पुढे घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा पट्टा. जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा तिथलाच कारागीर. १९३७ मध्ये त्याने अशा पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळवलं. त्याच्या सुरुवातीच्या गाड्या मोठ्या होत्या, बर्फात अडकलेल्या गावांना उपयोगी पडणाऱ्या. पुढे १९५९ मध्ये त्याच्याच कंपनीने 'स्की-डू' ही छोटी, हौसेची गाडी काढली. मग गरजेचं वाहन खेळाचं झालं आणि भांडणं सुरू झाली.

कारण सोपं आहे. चार फूट बर्फ पडलं की शेत, कुरण, रोपवन, सगळं एकसारखं पांढरं दिसतं. हद्द दिसत नाही, पीकही दिसत नाही. पण त्या बर्फाखाली चाऱ्याची पिकं झोपलेली असतात. मोकळं, भुसभुशीत बर्फ त्यांना गोधडीसारखं ऊब देतं. गाडीने ते दाबलं की ऊब जाते, थंडी मुळांपर्यंत पोचते आणि वसंतात तेवढा पट्टा मरून निघतो. पाइनच्या कोवळ्या रोपांचे शेंडे बर्फात दडलेले असतात, तेही मोडतात. म्हणजे तिथेही तोच संवाद: "इथे तर नुसतं बर्फच आहे."

तिथल्या स्नोमोबिलच्या वाटा बऱ्याच अंशी खाजगी जमिनींतून जातात, त्या मालकांच्या परवानगीवर. क्लबची मंडळी शेतकऱ्यांकडे जाऊन परवानगी मागतात, खुणा लावतात, वाट राखतात. पण वाट ही साखळी असते. चार उनाडांनी वाट सोडून शेतात गाड्या फिरवल्या, मालकाने वैतागून नाही म्हटलं, की एक कडी तुटते आणि पुढची सगळी वाट बंद. नियम पाळणाऱ्यांनाही तिची शिक्षा होते.

आता आपल्याकडे या. आपल्या कायद्याला अनाहूत घुसणं ठाऊक नव्हतं असं नाही. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा घ्या. दुसऱ्याचं जनावर शेतात शिरून नासधूस करत असेल, तर शेतकऱ्याने स्वतः ते पकडावं आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावं. मालकाने दंड भरून सोडवून न्यावं. जनावरांची व्याख्या किती मोठी! हत्ती, उंट, म्हशी, घोडे, गाढवं, डुकरं, मेंढ्या, शेळ्या. यादीत गाडी अर्थातच नाही. १८७१ मध्ये शेतात चुकून शिरणारी वस्तू चार पायांचीच असायची. आज शेळी शिरली तर माझ्या शेजाऱ्याला ती पकडण्याचा अधिकार आहे. जीप शिरली तर त्याने नंबर टिपायचा आणि पोलीस ठाण्यात जायचं.

तिथे काय होतं? १८६० च्या दंड संहितेत फौजदारी अतिक्रमणाची व्याख्या होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही गाभा तोच आहे. नुसतं शिरणं पुरत नाही; गुन्हा करण्याचा, धाक दाखवण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. त्या मुलाचा हेतू काय होता? ओढ्यावर फोटो काढायचा. नुकसानीची आगळीक म्हणावी, तर नुकसान होईल हे त्याला ठाऊक होतं असं दाखवावं लागतं. आणि तो तर भाताला गवत समजत होता! त्याचं अज्ञान हाच त्याचा बचाव.

मंडळी, आत्तापर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की मी कुंपणाच्या बाजूने आहे. थांबा. इतिहासाची दुसरी बाजू बघू.

अतिक्रमण कोण करतो, हे मालक कोण आहे यावर ठरतं. १८७८ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जंगलं राखीव केली. डोंगर-कुरणं सरकारजमा झाल्यावर शेतकऱ्यांच्या गुरांना चरायला जागा उरली नाही, ही तक्रार महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडली. काल जी शेळी आपल्या रानात चरत होती, ती आज घुसखोर झाली. शेळी हलली नव्हती, रेघ हलली होती.

आपल्या जिल्ह्यात हे अधिक तीव्र होतं. गवताचे माळ सावकार-जमीनदारांचे, गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी, आणि कापणारे हात वारल्यांचे. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणूकडच्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मजुरी मागितली. त्या लढ्यात गोळीबारही झाला. मग १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. कसणाऱ्याच्या नावावर जमीन झाली. माझ्या शेजाऱ्याच्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर आलं ते त्यानंतर. ही जमीन त्यांना राजाने इनाम दिलेली नव्हती. म्हणून कुणी तिला 'मोकळी जागा' म्हटलं की त्याच्या मनाला लागतं, ते फक्त बांधाच्या खर्चामुळे नाही.

इथे एक तुलना उपयोगी आहे. इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडच्या शेकडो तरुणांनी, त्यांत बरेच कामगार होते, किंडर स्काउट या पठारावर ठरवून, सामूहिक अतिक्रमण केलं. ते पठार ड्यूकची शिकारीची राखीव जमीन होती. काहींना तुरुंगवास झाला. पण निसर्गात पायी फिरण्याच्या हक्काची चळवळ त्यातून बळावली. आपल्याकडचे काही सुशिक्षित भटके मला ही गोष्ट सांगतात आणि म्हणतात, "सर, डोंगर सगळ्यांचे!" मी म्हणतो, बाबांनो, हिशेब उलटा करून बघा. तिथे मालक ड्यूक होता आणि घुसणारा कामगार पायी होता. इथे मालकाकडे दोन एकर आहेत आणि घुसणाऱ्याची गाडी त्या मालकाच्या कैक वर्षांच्या भाताहून महाग आहे.

मग कुंपण घालावं? इथे माझी खरी अडचण आहे. माझ्या शेजाऱ्याच्या बांधावरून रोज सकाळी पाड्यावरच्या बायका जातात. तुंगारेश्वरच्या बाजूला लाकूडफाटा, पाला, करवंदं, मोहाची फुलं आणायला. त्यांच्या पायांनी बांध फुटत नाही. उलट कुठे घळ पडली असेल तर त्या हाक मारून सांगतात. तारेचं कुंपण घातलं तर जीप पुढच्या वळणावरून दुसऱ्याच्या शेतात शिरेल. अडेल ती डोक्यावर मोळी घेतलेली बाई.

आणि तिच्या पाठीशी कायदा किती आहे? १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळवून देतं. दोन्ही चांगले कायदे आहेत. पण दोन्हींत वाट जाते ती जमिनीपासून जमिनीपर्यंत. ज्याची जमीन आहे, त्याची वाट. ज्या बाईच्या नावावर गुंठाभरही नाही, तिची वाट कुठून कुठे जाते म्हणायची? जंगलात पोचल्यावर गौण वनोपजावरचा तिचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. पण जंगलापर्यंतची वाट खाजगी शेतांतून आहे. ती वाट केवळ रीतीवर उभी आहे; मालकाने हसून बाजूला होण्यावर.

म्हणजे, जीपवाल्याने बांध फोडला तेव्हा भाताबरोबर त्याने ही रीतसुद्धा फोडली. हे त्याला सांगायला हवं. त्याचं नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

कांटने १७९५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, शाश्वत शांततेवर निबंध लिहिला. त्यात एक भेद आहे. पृथ्वी गोल आहे, आपण सगळे तिच्यावर दाटीने राहतो, म्हणून परक्याच्या भूमीवर भेटीला जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यासाठी यजमानाची संमती लागते. युरोपातले व्यापारी देश भेटीला जातो म्हणतात आणि जिंकून येतात, अशी त्याची तक्रार होती. मी यात माझी पुस्ती जोडतो. भेटीला आलेला माणूस जाब देता येईल इतक्या अंतरावर असतो. तुम्ही हाक मारलीत तर तो थांबतो, त्याला थांबावंच लागतं, कारण तो पायी आहे. यंत्र पहिली गोष्ट काय करतं, तर हे अंतर मोडतं. हाक पोचायच्या आत गाडी गेलेली असते.

म्हणून माणूस आणि यंत्र यांना एकाच हक्काच्या पिशवीत घालू नये. स्वीडनमध्ये कोणाच्याही रानातून पायी फिरायची जुनी रीत आहे, पण १९७५ च्या कायद्याने त्यांनी मोटारींना उघड्या जमिनीवर हौसेखातर फिरायला मनाई केली, आणि बर्फावरसुद्धा जिथे शेतीचं किंवा रोपवनाचं नुकसान होईल तिथे मनाई केली. पाय मोकळे, चाकं बांधलेली.

हा शहाणपणा आयात करायची गरज नाही. आपल्या गावनकाशातच तो आहे. तलाठ्याकडे जाऊन बघा. एका तुटक रेघेने दाखवतात तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दोन तुटक रेघांनी दाखवतात तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. म्हणजे पायवाटेला चार आणे आणि गाडीवाटेला निदान आठ आणे. नकाशा काढणाऱ्याला पाय आणि चाक यांतला फरक कळत होता.

दरवर्षी पावसाळ्यात वसईच्या धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. त्यांना कारणं आहेत. जुलै २०१८ मध्ये चिंचोटीला शंभरावर पर्यटक अडकले होते. पण बंदी धबधब्याला लागते, गर्दी वाट बदलते. त्यापेक्षा ग्रामसभेने ठरवावं: गाड्या कुठे थांबतील, पायी कुठून जायचं, बांध फुटला तर भरून कोण देणार. आणि बांध फुटला की त्याच दिवशी फोटो, गाडीचा नंबर, पंचनामा. त्या मुलाला पुढच्या वेळी "ठाऊक नव्हतं" म्हणता येऊ नये, म्हणून वाटेच्या तोंडाशी एक साधी पाटी हवी: हे गवत नाही, भात आहे.

तेव्हा शेजाऱ्याला माझं उत्तर असं. रस्त्याच्या बाजूने, जिथून गाड्या वळतात, तिथे कुंपण घाल. ते बरोबर आहे. पण बांधावरची वाट तारेत घेऊ नकोस. तिथे दोन खांब रोव आणि मधून माणूस मोळीसकट जाईल, पण चाक जाणार नाही, एवढी फट ठेव. त्याच्या अंगणात सिमेंटचे खांब येऊन पडले आहेत. परवा आम्ही मोळी घेतलेल्या एका मावशींनाच उभं करून ती फट मोजली. साडेतीन फूट पुरते, असं त्या म्हणाल्या.

एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर विचारा. शेतकऱ्यांनी आधी विचारावेत.