फॉन्ट बदलला की मजकूर का बिघडत असे? (धागा)

फुलसावंगी (ता. महागाव, जि. यवतमाळ) असो की कोकणातले एखादे खेडे, वीस वर्षांपूर्वी लग्नपत्रिकेची फाईल एका दुकानातून दुसऱ्या दुकानात नेली की एक अनर्थ हमखास घडे. पडद्यावर वधूवरांच्या नावांऐवजी इंग्रजी अक्षरे, चिन्हे आणि आकडे यांची खिचडी उमटे. कोणी मजकुराला हात लावलेला नसे. दुसऱ्या दुकानात तो फॉन्ट नसे, एवढेच.

आज याच्या नेमके उलट दृश्य दिसते. फिग्मासारख्या आरेखनाच्या सॉफ्टवेअरला कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट जोडता येतो. ‘सर्व मथळे ठळक कर, उपमथळ्यांचा आकार कमी कर’ असे साध्या भाषेत सांगितले की तो एका साधनाद्वारे शेकडो ओळींचा फॉन्ट, आकार आणि ओळींमधले अंतर बदलून देतो. मजकूर मात्र जागच्या जागी राहतो. हे शक्य होण्यासाठी अक्षर आणि त्याचे रूप यांची फारकत व्हावी लागली, आणि मराठीत त्या फारकतीला जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली.

आरंभ मुंबईत. १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापात लेखनिकाचे हस्ताक्षरच दगडावर उतरते. तिथे ‘फॉन्ट बदलणे’ म्हणजे लेखनिक बदलणे! पुढे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक खिळे घडवले. त्याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळ्यांचा स्वतंत्र कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू हे त्यांचे कुशल साथीदार. त्यांनी पोलादावर कोरलेल्या वळणांचा महाराष्ट्राच्या डोळ्यांना इतका सराव झाला, की मराठी अक्षर म्हटले की अनेक पिढ्यांना तेच वळण आठवे. आरूंचे नाव मात्र जावजींच्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे.

या काळात अक्षर आणि रूप एकाच धातूत ओतलेले होते. जुळाऱ्याला मथळा मोठा करायचा असेल तर सगळे खिळे काढून मोठ्या आकाराच्या घरांतून नवे खिळे वेचावे लागत. देवनागरीत मात्रा, रफार, जोडाक्षरे धरली की एका आकाराच्या एका संचातच शेकडो खिळे होत. रोमन लिपीचा छापखानदार सहज चार आकार आणि दोन वळणे बाळगी. मराठी छापखानदाराला तेवढ्याच हौसेसाठी कितीतरी अधिक शिसे आणि जागा लागे. जुन्या मराठी पुस्तकांत शैलीचे वैविध्य कमी दिसते ते अरसिकतेमुळे नव्हे, या खर्चामुळे. लोकमान्य टिळकांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी खिळ्यांची संख्या घटवण्याचा खटाटोप केला, तो याच अडचणीपायी. या साऱ्या घडामोडींचा पट बापूराव नाईक यांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ (१९७१) या त्रिखंडी ग्रंथात मांडला आहे.

संगणक आल्यावर शिसे गेले, पण जुनी गाठ सुटली नाही. उलट ती अदृश्य झाली. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाचा प्रसार केला, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानकही आले. परंतु डीटीपीच्या दुकानांत प्रत्येक कंपनीचा फॉन्ट आपापल्या मर्जीने चाले. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या खोलीत ‘क’चा तुकडा बसवलेला असे, दुसऱ्या खोलीत काना, तिसऱ्या खोलीत अर्धा ‘स’. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच होता. वर केवळ मराठी मुखवटा होता. मुखवटा काढला की लग्नपत्रिकेची खिचडी. त्या काळातल्या असंख्य फाईली आजही अशाच अर्धवट मुक्या पडून आहेत, आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांत साधा शोधही घेता येत नाही. त्यांवर आजचा एजंट सोडला आणि ‘फॉन्ट बदल’ म्हटले, तर तो आज्ञा तंतोतंत पाळेल आणि मजकूर वाचण्याजोगा राहणार नाही.

गाठ सुटली ती युनिकोडमुळे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले होते. ‘क’ म्हणजे ‘क’च, फॉन्ट कोणताही असो. पण क्रमांक असून भागत नाही. ‘क्ष’ किंवा ‘र्क’ घडवणारा फॉन्ट लागतो. र. कृ. जोशी यांनी आरेखलेला ‘मंगल’ विंडोज २००० सोबत घरोघरी पोहोचला, तेव्हा सामान्य मराठी माणसाच्या संगणकावर ही फारकत प्रत्यक्षात आली. डीटीपीची दुकाने जुन्या फॉन्टांना पुढे कैक वर्षे चिकटून राहिली, तो भाग निराळा.

एजंटांची साधने या पायावर उभी आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही खुली पद्धत जाहीर झाली आणि भाषेच्या प्रतिमानांना बाहेरच्या सॉफ्टवेअरची अवजारे हाताळण्याची एक समान रीत मिळाली. फिग्मात मजकुराचा फॉन्ट बदलण्याआधी तो फॉन्ट आधी मागवून घ्यावा लागतो, नाहीतर आज्ञा नाकारली जाते. घरात खिळे नसतील तर जुळारी तरी काय जुळवणार?

तरीही देवनागरीत रूप हे निव्वळ बाह्य कधीच नसते. रोमन मथळ्यांत अक्षरांमधले अंतर वाढवणे शोभिवंत मानतात. तोच संस्कार घेतलेल्या एजंटाने मराठी मथळ्यावर हात फिरवला तर शिरोरेखा जागोजागी तुटते आणि शब्द मोडलेल्या कुंपणासारखा दिसतो. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने आवळले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवले; पण अनेक फॉन्टांत मराठी वळण तेव्हाच उमटते, जेव्हा मजकुराची भाषा मराठी असल्याचे सॉफ्टवेअरला सांगितलेले असते. आज्ञा देणाऱ्याने ते सांगितले नाही तर हिंदी वळण येते, आणि बहुतेकांच्या ते ध्यानातही येत नाही.

सर्वांत नाजूक जागा ‘ऱ्य’ची. हे जोडाक्षर काही कळफलकांवर एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या आधाराने लिहिले जाते. शैली नीटनेटकी करताना एजंटाने ‘निरुपयोगी’ अदृश्य चिन्हे झाडून टाकली, तर फॉन्ट तोच राहतो, आकार तोच राहतो. पण पत्रिकेच्या मसुद्यात ‘आचाऱ्यांना’ देण्याची बिदागी ‘आचार्यांना’ जाते.