छापील ग्रंथ आणि पडद्यावरील वाचन : हैदराबादच्या अनुभवातून



पुस्तक हातात घेऊन वाचावे की पडद्यावर, हा प्रश्न आज घरोघरी निघतो आणि बहुधा आवडीनिवडीवर सोडून दिला जातो. मला त्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहावेसे वाटते. त्यासाठी आपल्या हैदराबादचा अनुभव पुष्कळ शिकवणारा आहे.

वाचनाच्या नव्या साधनाविषयी शंका घेणे हे काही आजचे नव्हे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले, त्या काळी छापील कागदास शिवणेही निषिद्ध मानणारे लोक होते. पोथी सोवळी आणि छापील पुस्तक ओवळे, हा भेद कालांतराने विरला. पुढे छापील पुस्तकालाच पोथीचा मान मिळाला.

निजामी राज्यातील परिस्थिती याहून निराळी होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठवाड्यासारखा विस्तीर्ण मुलूख राज्यात असूनही मराठीला राजाश्रय नव्हता. सभासंमेलनांवर निर्बंध होते. अशा काळात वाचनालय हे केवळ पुस्तके ठेवण्याचे ठिकाण राहिले नाही. भाषेचे सार्वजनिक जीवनच तेथे नांदू लागले. १९०१ मध्ये तेलुगू बांधवांनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् स्थापिले; १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. १९३१ मध्ये मराठी साहित्य संमेलन हैदराबादेस भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची विभागणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. येथील मराठी वाचक आपल्या मुलखापासून तुटला. परंतु ग्रंथांची कपाटे जागच्या जागी राहिली, कारण त्यांच्या किल्ल्या सांभाळणारे लोक येथेच होते.

आता दुसरी बाजू पाहू. २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे संकेतस्थळ खुले झाले. जुन्या ग्रंथांची पानन्‌पान छायांकित करण्याच्या या कार्यात आपल्या शहरातील आयआयआयटी ही संस्था अग्रभागी होती. दुर्मीळ मराठी ग्रंथ घरबसल्या दिसू लागले. केतकरांचा २३ खंडांचा ज्ञानकोशही पुढे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने संगणकावर आणला. मराठी पुस्तकांचे दुकान जवळ नसलेल्या वाचकाला आणि मोठ्या अक्षरांची गरज असलेल्या माझ्यासारख्या वृद्धाला हे साधन वरदानच होय. त्याची हेटाळणी करणे मला कृतघ्नपणाचे वाटेल.

तथापि २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ वाचकांना बंद झाले. त्यातील पुष्कळ ग्रंथ आज वाचावयास मिळतात, ते अमेरिकेतील ‘इंटरनेट अर्काइव्ह’ने त्यांच्या प्रती जपून ठेवल्या म्हणून. ज्यांची दुसरी प्रत कोणी ठेवली नसेल, त्यांचे काय झाले असेल? कागदाला वाळवी लागते. पण ती हळूहळू लागते, आणि सावध ग्रंथपालाला तिची चाहूल लागते. संकेतस्थळ मात्र एका रात्रीत दिसेनासे होऊ शकते. शिवाय छापील पुस्तक दहा हातांतून फिरते. विकत घेतलेले इलेक्ट्रॉनिक पुस्तक बहुधा एकाच वाचकाच्या खात्याशी बांधलेले असते. वर्गणीदार वाचकांचा जो समाज ग्रंथालयाभोवती जमला, तो अशा एकाकी वाचनातून सहसा जमत नाही.

तात्पर्य, साधन कोणते यापेक्षा त्याचा राखणदार कोण, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या पूर्वसूरींनी राजाश्रयाची वाट न पाहता स्वतःच्या वर्गणीतून ग्रंथ राखले. म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : विद्यालयाच्या संग्रहातील जुन्या पुस्तकांची सूची करा. लेखकाच्या निधनास साठ वर्षे होऊन जी प्रताधिकारमुक्त झाली आहेत, त्यांची छायांकने करून ती एकाहून अधिक ठिकाणी ठेवा. आणि छायांकन झाले म्हणून मूळ पुस्तक रद्दीत घालू नका. पुढील पिढी कशावर वाचील, हे तिचे तिला ठरवू द्यावे. तिला वाचावयास काही शिल्लक ठेवणे एवढे आपल्या हाती आहे.