प्रतिदीप्त कार्बनकण : नामकरणाचा एक धडा

जंबुपार किंवा निळे किरण पडताच काही पदार्थ स्वतःचा निराळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणास प्रतिदीप्ती म्हणतात. १८४५ साली सर जॉन हर्शेल यांना क्विनीन सल्फेटच्या रंगहीन द्रावणात पृष्ठभागालगत निळी झाक दिसली. ती पृष्ठभागाचाच परिणाम होय असे मानून त्यांनी त्याच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिला ‘एपिपोलिक’ म्हटले. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी द्रावणाची नळी वर्णपटात जांभळ्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही तेथे नेली. तेथेही ती निळी उजळली. अदृश्य किरण पहिल्याच थरात शोषले जात, म्हणून झाक पृष्ठभागी दिसे, इतकेच. फ्लुओरस्पार या खनिजाच्या नावावरून स्टोक्स यांनी ‘फ्लुओरेसन्स’ हा शब्द घडविला. तो कारणाविषयी काहीच गृहीत धरीत नाही. म्हणूनच तो टिकला आणि हर्शेल यांचा शब्द मागे पडला.

कार्बनकणांच्या बाबतीत हाच प्रश्न पुन्हा उभा आहे. २००४ साली अमेरिकेत कार्बन-नलिकांच्या काजळीचे शुद्धीकरण करताना प्रतिदीप्त कण अनपेक्षितपणे हाती आले. २००६ साली त्यांस ‘कार्बन डॉट्स’ हे नाव मिळाले. हे कण सामान्यतः १० नॅनोमीटरहून लहान असतात. २०१२ साली भारतीय संशोधकांनी संत्र्याचा रस बंद पात्रात तापवून असे कण मिळविले व त्यांच्या साहाय्याने पेशींची प्रतिमा घेतली. तीव्र आम्ले टाळणाऱ्या अशा पद्धतींस ‘हरित’ म्हणतात. तथापि हे विशेषण कृतीचे वर्णन करते. निष्पन्न पदार्थाची शुद्धता ते सिद्ध करीत नाही.

येथेच खरी अडचण आहे. सायट्रिक आम्ल अमाइनाबरोबर तापविले असता कणांखेरीज तीव्र प्रतिदीप्त लहान रेणूही तयार होतात, हे २०१५ सालच्या एका अभ्यासात दिसून आले. संत्र्याच्या रसात सायट्रिक आम्ल, शर्करा, अमिनो आम्ले असे अनेक घटक एकत्र असतात. द्रावणातून हे रेणू वेगळे केले नाहीत, तर पेशीत उजळले ते कण की रेणू, हे प्रतिमेवरून कळणार नाही. आणि कणांच्या निरुपद्रवीपणाविषयीचा निष्कर्षही डळमळीत होईल. म्हणून डायलिसिस व वर्णलेखनाने घटक पृथक् करून प्रत्येकाची दीप्ती स्वतंत्रपणे मोजणे अगत्याचे ठरते. तोवर ‘कार्बन डॉट’ हे नाव वर्णन नसून अनुमान आहे, असेच समजणे योग्य होय.