सामाईक म्हणजे कोणाचे?

शेजारशेजारच्या नगरपालिका, पंचायती एकत्र येऊन विधिमंडळाकडे मागणी नेतात, तेव्हा ‘आमच्या भागाचे सामाईक प्रश्न’ असा शब्द हमखास येतो. वर्गात शिकवताना हा शब्द मला खटकतो. सामाईक म्हणजे कोणाचे?

मुंबई इलाख्यात याचे उत्तर लिहून ठेवलेले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला : सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. स्थानिक स्वराज्य संस्थांनी हा प्रश्न खालून वर नेला नव्हता. तो वरून त्यांच्यापर्यंत आला, आणि बहुतेकींनी तो दप्तरात घातला. म्हणून १९२६ मध्ये बोल्यांना पुन्हा उभे राहावे लागले : जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड हे मानणार नाही, त्याचे सरकारी अनुदान बंद करा. दुखरी नस बरोबर हेरली होती!

महाडच्या नगरपालिकेने, सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी माणसे तिथे होती म्हणून, १९२४ साली चवदार तळे खुले केले. पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसह आमची माणसे तळ्यावर गेली, पाणी प्याली, आणि त्याच दिवशी त्यांची डोकी फुटली. नगरपालिकेने मग काय केले? मारणाऱ्यांना जाब विचारला नाही. आपलाच ठराव रद्द केला. तारीख ४ ऑगस्ट १९२७, कौन्सिलच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी. हायकोर्टाचा निकाल आमच्या बाजूने लागायला १९३७ चा मार्च उजाडला.