चोवीस तासांचा चाकर : महारकी, भोंगा आणि कोयता



तिसरी-चौथीच्या पुस्तकांत 'आपले मदतनीस' अशा धर्तीचा एखादा धडा हमखास असतो. शेतकरी पहाटे उठून मोटेवर जातो, पोस्टमन पत्रं वाटतो, बाई शाळेत शिकवतात, डॉक्टर रोगी तपासतात. चित्रात सगळे हसतमुख. प्रत्येकाचं काम वेगळं, प्रत्येकाची वेळ ठरलेली, आणि सगळे मिळून गाव चालवतात. बारा बलुतेदारांची गोष्टही आपल्याला याच चालीवर सांगितली जाते. सुतार नांगर करायचा, लोहार फाळ शेवटायचा, कुंभार मडकी द्यायचा, महार गावाची राखण करायचा. गाव म्हणजे जणू एक कुटुंब.

माझा प्रश्न साधा आहे. या चित्रातला महार किती वाजता घरी जायचा?

देवळाली प्रवराच्या आसपास राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रश्न विचारायला खास कारण आहे. शंभर वर्षांत इथे कामाच्या तीन वेगवेगळ्या वेळा नांदल्या: चावडीची, कारखान्याच्या भोंग्याची आणि ऊसतोडीच्या कोयत्याची. या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय आपल्या भागाचा इतिहास कळत नाही. सहकारमहर्षींची चरित्रं कितीही वाचली तरी कळत नाही.

आधी चावडी. महाराचं काम काय होतं, याची यादी करायला बसलं की यादी संपत नाही. चावडी झाडायची. पाटील-कुलकर्ण्याने सांगितलं की घरोघर जाऊन शेतसाऱ्यासाठी माणसं बोलवायची. वसूल तालुक्याला पोचवताना बरोबर चालायचं. सरकारी कागद पुढच्या गावाला न्यायचा. दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला गवत, चुलीला सरपण पुरवायचं. शिवाराची हद्द दाखवायची, हद्दीचा तंटा झाला तर साक्ष द्यायची. वेशीवर येसकर म्हणून रात्र काढायची. कुणाच्या घरी मयत झालं तर परगावच्या सोयऱ्यांना सांगावा न्यायचा, भर पावसात, भर उन्हात, पायी. (तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, महार होता.) सरणाची लाकडं वाहायची. मेलेलं ढोर ओढायचं. आणि हे सगळं करून संध्याकाळी घरोघर 'भाकर वाढा' म्हणत फिरायचं, कारण मजुरी त्या टोपलीत पडायची.

आता सुताराचा दिवस पाहा. त्याचंही बलुतंच होतं, त्याच्यावरही जातीचं जोखड होतंच. पण तो आपल्या सावलीत, आपल्या हत्यारांनिशी बसायचा आणि शेतकरी मोडका नांगर घेऊन त्याच्या दारात यायचा. महाराला दारात यायची सोय नव्हती आणि दुसऱ्याच्या दारातून हलायचीही सोय नव्हती. त्याच्या कामाला हत्यार नव्हतं, दुकान नव्हतं, सुरुवात नव्हती, शेवट नव्हता. त्याचं काम एकच: हाक आली की उठायचं. बाकीच्या बलुतेदारांकडून गावाने वस्तू घेतल्या, महाराकडून त्याचा वेळच घेतला.

समाजशास्त्र शिकताना ई. पी. थॉमसन या इंग्रज इतिहासकाराचा १९६७ सालचा एक गाजलेला निबंध वाचायला लावतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कारखाने येण्यापूर्वी माणूस कामाच्या हिशेबाने जगायचा. पेरणी आली की राबायचा, काम संपलं की निवांत. पुढे भांडवलदाराने घड्याळ आणलं आणि माणसाचा वेळ विकत घेतला. इंग्लंडसाठी हे खरं असेल. पण महारवाड्यात बसून वाचलं की हसू येतं. आमचा वेळ घड्याळ यायच्या कितीतरी आधीच गेला होता, आणि तो कुणी विकतही घेतला नव्हता. वारसाहक्काने घेतला होता. आपल्या विद्यापीठांत थॉमसन शिकवतात, महारकी शिकवत नाहीत, हा त्यातला विनोद.

वारसाहक्क हा शब्द मुद्दाम वापरतोय. इंग्रजांनी १८७४ साली वंशपरंपरागत वतनी नोकऱ्यांचा कायदा केला आणि महाराची ही चाकरी कायद्यात बसवली. म्हणजे जुलूम पेशवाईत होता आणि इंग्रजांनी सोडवला, इतकं सरळ ते नाही. साहेबाला फुकटात पट्टेवाला मिळत होता, तो त्याने कशाला सोडावा?

बाबासाहेबांनी नेमकं इथे बोट ठेवलं. 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी वतनावर लिहिलं आणि १९ मार्च १९२८ला मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. त्यातल्या मागण्या काय होत्या? ज्याला चाकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी आणि चाकरीतून सुटता यावं. बलुत्याचं धान्य भिकेसारखं न मागता त्याची रोख रक्कम ठरावी. महाराची कामं कोणती, हे लेखी ठरावं. कायदेमंडळात त्यांनी सांगितलं, की हा सरकारचा असा नोकर आहे जो रात्रंदिवस बांधलेला आहे. तो हजर नसेल तर त्याचा बाप, त्याच्या घरचं माणूस कामाला धरलं जातं. म्हणजे पगार एकाचा (तोही नावाला) आणि चाकर सगळं घर.

या बिलाकडे आपण बहुधा 'वतन नष्ट करण्याची लढाई' म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यातली 'कामं लेखी ठरवा' ही मागणी सर्वांत मोठी वाटते. ज्या दिवशी काम लेखी ठरतं, त्या दिवशी काय काम नाही तेही ठरतं. मग पाटलाच्या वाड्यावरची लाकडं फोडणं हे सरकारी काम नाही, असं म्हणता येतं. नाही म्हणायला जागा तयार होते. गावाला आणि साहेबाला ती जागाच नको होती. चिकित्सा समितीत बिलाची इतकी छाटछूट झाली, की १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागे घेतलं.

आपल्यातही वतन म्हणजे मान, वतन म्हणजे हक्क ही समजूत खोल रुजली होती. बावन्न हक्कांची कहाणी अभिमानाने सांगणारे म्हातारे आपण पाहिलेत. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. ज्याच्याकडे दुसरं काहीच नसतं, तो गुलामीच्या दाखल्यालाही जहागिरीची सनद समजतो.

पुढची गोष्ट तर आपल्या उंबऱ्यावरची. १६ डिसेंबर १९३९, हरेगाव. देवळाली प्रवराहून श्रीरामपूर ओलांडलं की हरेगाव लांब नाही. तिथे महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब. कारण काय? या वतनी जमिनींवर सरकारने वाढीव आकारणी लादली होती. चोवीस तासांची चाकरी आहेच, वर तिच्या मोबदल्यात मिळालेल्या तुकड्यावर कर वाढवायचा! त्यापुढे १९४१च्या ऑगस्टमध्ये सिन्नरलाही याच प्रश्नावर परिषद झाली. पण हरेगाव ही जागा लक्षात ठेवा. त्याच हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता. एका बाजूला चाकरीचे तास नसलेला वतनदार महार आणि दुसऱ्या बाजूला पाळ्यांत चालणारा, भोंग्यावर माणसं आत-बाहेर करणारा कारखाना, एकाच शिवारात.

वतन कायद्याने गेलं ते बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा १९५८चा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. बिल मांडल्यापासून एकतीस वर्षांनी. तोवर आपल्या लोकांनी ठिकठिकाणी महारकी स्वतःच टाकली होती आणि त्यासाठी गावाचा बहिष्कारही सोसला होता. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातून आलेल्या दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. ज्यांनी अजून वाचलं नसेल त्यांनी ते आत्मचरित्र म्हणून तर वाचाच, पण एका घराच्या कामाची नोंदवही म्हणूनही वाचा.

आता भोंग्याकडे येऊ. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या पाटांना पाणी आलं, ऊस आला. हरेगावचा कारखाना खाजगी होता. १९५० साली लोणीला सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं, पुढे आपल्या शेजारी राहुरी फॅक्टरी उभी राहिली. कारखान्याने या भागाला एक नवी गोष्ट दिली: पाळी संपते. आठ तास झाले, भोंगा झाला, माणूस सायकल काढून घरी निघाला. चावडीच्या हाकेला कधी शेवट नव्हता, भोंग्याला होता.

आपल्याकडे दर जयंतीला एक पोस्ट फिरते, की बाबासाहेबांनी कामाचे चौदा तासांचे आठ तास केले. भावना बरोबर, तपशील चुकीचा. आणि विरोधक असा चुकीचा तपशीलच पकडतात, म्हणून नीट समजून घ्या. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाने मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. १९११, १९२२, १९३४ असे कायदे येत गेले. १९३४च्या कायद्यात बारमाही कारखान्यांना दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न तासांची मर्यादा होती. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या काळात १९४५ साली कारखाना कामगारांना भरपगारी रजेचा कायदा झाला आणि १९४६च्या दुरुस्तीने आठवड्याचे चोपन्नचे अठ्ठेचाळीस तास झाले. सहा दिवसांचे आठ-आठ तास, ते इथून आले. एकीकडे लोखंडे, दुसरीकडे बाबासाहेब: ही फुले-आंबेडकरी परंपराच आहे, तिला चौदा तासांच्या फुगवट्याची गरज नाही.

त्या दुरुस्तीतही हंगामी कारखान्यांना जास्त तासांची मुभा राहिलीच होती. साखर कारखाना म्हणजे हंगामी. हा भेद १९४८च्या कारखाना कायद्याने काढला.

पण तास मोजणं वेगळं आणि काम कोणतं मिळणार हे वेगळं. फेब्रुवारी १९३८मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच सांगितलं. (दौंड-मनमाड हीच आपली राहुरी-श्रीरामपूरची लाइन.) अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरातली कामं करावी लागतात आणि घरात हा चालत नाही. मुंबईच्या गिरण्यांतही विणकाम खात्यात, जिथे पैसा बरा, तिथे अस्पृश्याला मज्जाव होता, कारण धागा तोंडाने जोडावा लागायचा. घड्याळ सगळ्यांना सारखं, पण त्या घड्याळाखाली कुणी कुठे उभं राहायचं हे जातच ठरवत होती.

आणि आता कोयता. गाळप हंगामात राहुरी-श्रीरामपूर रस्त्यावर कुठेही थांबा, कोप्या दिसतील. बीडचे, पाथर्डी-शेवगावचे लोक. इथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे मोजताना दोन माणसं एक. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. बाई पहाटे चारच्या आत उठते, भाकरी थापते, उजाडायच्या वेळी दोघं फडात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. ट्रक रात्री अकराला आला तर रात्री अकराला. बैलगाडी असेल तर काट्यावर नंबर लागेपर्यंत रात्र रांगेतच. मजुरी टनावर, त्यामुळे वाट पाहण्याचे तास कुणाच्याच हिशेबात नाहीत. आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. हा खाडा पडू नये म्हणून बीडच्या बायकांनी गर्भाशयं काढून टाकल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

गव्हाणीत उसाची मोळी पडते त्या रेषेवर सगळा फरक आहे. रेषेच्या आत आठ तासांची पाळी, हजेरी, रजा, फंड. रेषेच्या बाहेर तोच ऊस, तीच साखर, पण तास नाहीत. बाहेरची माणसं कारखान्याची नाहीत, मुकादमाची आहेत असं कागद सांगतो. नवरा-बायको एक आकडा, लेकरं मोजलेलीच नाहीत, आणि हाक आली की उठायचं. हे आपण कुठे ऐकलंय?

यावर आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतील, ऊसतोडीत वंजारी आहेत, मराठे आहेत, आदिवासी आहेत, आपले थोडे. हा जातीचा प्रश्न कुठे? मित्रांनो, १९३८च्या जानेवारीत बाबासाहेबांनी विधिमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला, तेव्हा त्यात कुणब्यांची कुळं होती. जातिव्यवस्था म्हणजे श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी, हे आपण पाठ म्हणतो. मग महाराला चोवीस तास राबवण्याची जी रीत गावाने आणि सरकारने मिळून घडवली, ती कारखानदाराला आयती मिळाली आणि त्याने ती इतरांवरही चालवली, हे पाहायला आपण का कचरतो? महारकी आपण ओळखतो. ती दुसऱ्याच्या अंगावर दिसली तरी ओळखता आली पाहिजे.

बुद्धाने सिगाल नावाच्या तरुणाला सांगितलेल्या सुत्तात मालकाची पाच कर्तव्यं आहेत: ताकद पाहून काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारात काळजी घ्यावी, चांगलंचुंगलं वाटून खावं, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही पाच कलमं घेऊन कुठल्याही कोपीसमोर उभं राहा आणि एकेक तपासा.

१६ डिसेंबर ही तारीख गळिताच्या ऐन भरातली. त्या दिवशी हरेगावला अभिवादनाला निघाला असाल तर वाटेत एखाद्या फडाशी गाडी थांबवा. मुकादम जवळ नसेल तेव्हा बाईला विचारा: किती वाजता उठलीस, गाडी कधी येणार, उचल किती उरली, पोरं कुठायत. उत्तरं तारखेसकट वहीत लिहून घ्या. १९२८ साली बाबासाहेबांनी मागितलेली एक गोष्ट 'लेखी' हीच होती.