नाव जुळलं, पण माणूस तोच का? जुन्या जनगणनेतून स्कॅन्डिनेव्हियन पूर्वज शोधताना

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना थॉर्स्टीन व्हेब्लेन माहीत असतो. दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडणारा तो हाच. गणितवाल्यांना ऑस्वाल्ड व्हेब्लेन माहीत असतो, भूमितीवाला, प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीचा सुरुवातीचा प्राध्यापक. हे दोघे काका-पुतणे. त्यांच्यामधला दुवा मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. तो म्हणजे थॉर्स्टीनचा थोरला भाऊ आणि ऑस्वाल्डचा बाप, अँड्र्यू. हा गृहस्थ आयोवा विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचा. पुढच्या आयुष्यात तो नॉर्वेतल्या व्हाल्ड्रेस भागातून अमेरिकेत आलेल्या लोकांची माहिती गोळा करण्यात रमला. या लोकांच्या संघटनेचं पुस्तकही त्याने १९२० मध्ये काढलं.

भौतिकशास्त्राच्या माणसाला हा नाद लागला याचं मला मुळीच नवल वाटत नाही. मीही विज्ञानाकडूनच आलोय, आणि मला हा प्रश्न मापनाचाच वाटतो. दोन वेगळ्या यंत्रांनी, दहा वर्षांच्या अंतराने, दोन रीडिंग घेतली. ती एकाच वस्तूची आहेत हे कशावरून? इथे यंत्र म्हणजे जनगणना आणि वस्तू म्हणजे माणूस.

आपल्यातल्या बहुतेकांनी जनगणनेचं मूळ पान कधी पाहिलेलंच नसतं, कारण आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार वैयक्तिक नोंदी कोणालाही बघायला मिळत नाहीत. आपल्याला मिळतात ते फक्त तक्ते. अमेरिकेत ७२ वर्षं झाली की घराघराची नोंद नावानिशी खुली होते. १९५० ची पानं २०२२ मध्ये खुली झाली. ही पानं घरबसल्या बघता येतात, फॅमिलीसर्चवर फुकट खातं उघडून. नॉर्वेच्या जुन्या जनगणना तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या डिजिटालआर्किवेट या संकेतस्थळावर आहेत. म्हणजे सरावासाठी लागणारी सामग्री तुमच्या फोनवर आहे. व्हिसा नको, फेलोशिप नको.

आता मुख्य अडचण, नावाची.

नॉर्वेतल्या खेड्यातल्या माणसाला एकोणिसाव्या शतकात आपल्या अर्थाने आडनाव नव्हतं. स्वतःचं नाव, मग बापाचं नाव आणि त्याला ‘सेन’ जोडलेलं. मुलगी असेल तर ‘दात्तेर’. ओले हा लार्सचा मुलगा असेल तर ओले लार्सेन, आणि ओलेचा मुलगा लार्स झाला तर लार्स ओल्सेन. दर पिढीला शेवटचा शब्द बदलणार. बायको लग्नानंतरही आपल्या बापाचंच नाव लावणार. याच्यापुढे तिसरा शब्द यायचा, वाडीचा. घर, गोठा, शेत मिळून एका नावाने ओळखली जाणारी जागा, तिला मी इथे वाडी म्हणतोय. आपल्याकडे गावावरून ‘कर’ लागतं आणि गाव सुटलं तरी ते पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहतं. नॉर्वेत उलटं होतं. माणूस एका वाडीवरून दुसरीवर राहायला गेला की तिसरा शब्दही बदलायचा. ते नाव कमी आणि पत्ता जास्त होता.

स्वीडनमध्ये ‘सोन’ आणि ‘दोत्तेर’. शिवाय सैन्यात गेलेल्याला तुकडीत एक छोटं नाव द्यायचे, कारण एका तुकडीत दहा आंदेर्स आंदेर्सोन असले तर हाक कोणाला मारणार? डेन्मार्कने १८२८ मध्येच कायम आडनाव ठेवायचा हुकूम काढला. स्वीडनमध्ये तसा नियम १९०१ मध्ये आणि नॉर्वेत १९२३ मध्ये आला. म्हणजे स्थलांतराची मोठी लाट या नियमांच्या आधीची.

अमेरिकेत उतरल्यावर या तीन शब्दांपैकी कोणता ‘आडनाव’ होणार, हे ठरवणारा कोणी अधिकारी नव्हता. बंदरावर नावं बदलली जायची ही लोकप्रिय गोष्ट सोडून द्या. लोक स्वतःच हळूहळू ठरवायचे. एक भाऊ अँडरसन राहायचा, दुसरा वाडीचं नाव धरायचा. पहिली नावंही बदलायची: पेर चा पीटर, योहान चा जॉन, गुरी ची ज्युलिया, लार्स चा लुईस.

व्हेब्लेन घराण्यातच बघा. थॉर्स्टीनचे आईवडील थॉमस आणि कारी १८४७ मध्ये अमेरिकेत आले. थॉमस हा आंदेर्सचा मुलगा, म्हणून अँडरसन. व्हेब्लेन हे व्हाल्ड्रेसमधल्या वाडीचं नाव. कारीच्या माहेरचं बुंडे, तेही वाडीचंच, आणि तिच्या बापाचं नाव थॉर्स्टीन. आता मुलांची नावं बघा. थोरला अँड्र्यू म्हणजे आंदेर्स, बापाच्या बापाचं नाव. धाकटा थॉर्स्टीन, आईच्या बापाचं नाव. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची ही पद्धत आपल्यालाही नवी नाही. शोधणाऱ्याला तिचा मोठा उपयोग होतो, कारण नातवंडांच्या नावांवरून आजोबा-आजीचा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाज, पुरावा नाही. लोक ही प्रथा मोडायचेही.

समजा हे कुटुंब तुम्हाला अमेरिकेच्या जनगणनेत शोधायचंय. ते आधी विस्कॉन्सिनमध्ये होते आणि १८६५ मध्ये मिनेसोटातल्या राइस काउंटीत गेले. म्हणजे १८५० आणि १८६० साठी एक राज्य, १८७० आणि १८८० साठी दुसरं. शोधायची नावं अँडरसन, व्हेब्लेन, आणि व्हेब्लेनची प्रगणकाच्या कानाला जशी ऐकू आली असतील तशी सगळी स्पेलिंगं. थॉर्स्टीनचा जन्म ३० जुलै १८५७ चा. त्या काळी जनगणनेचा संदर्भदिवस १ जून होता. म्हणून १८६० मध्ये त्याचं वय २, १८७० मध्ये १२ आणि १८८० मध्ये २२ असायला हवं. आता जनगणनेच्या वर्षातून वय वजा करा. तिन्ही वेळा १८५८ येतं, आणि तिन्ही वेळा ते चूक असतं, कोणी काही चुकीचं सांगितलेलं नसताना! यंत्राचा शून्य कुठे आहे हे आधी बघायचं असतं, ते हेच. पुढे हा दिवस बदलत गेला: १९१० मध्ये १५ एप्रिल, १९२० मध्ये १ जानेवारी, १९३० मध्ये १ एप्रिल.

यंत्र दर वेळी वेगळं, हे तर लक्षात ठेवायलाच हवं. १८५० पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं, बाकीच्यांची मोजणी वयोगटात. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आणि जन्मदेश. १८८० पासून प्रमुखाशी नातं आणि आईबापांचे जन्मदेश. सर्वांत मोलाची जनगणना १९०० ची. तिच्यात जन्माचा महिना आणि वर्ष, देशात आल्याचं साल, लग्नाला झालेली वर्षं, आईला किती मुलं झाली आणि त्यांतली किती जिवंत आहेत, हे सगळं आहे. या शेवटच्या दोन आकड्यांतली वजाबाकी करताना जरा थांबायला होतं. नागरिकत्वाच्या रकान्यात छोट्या खुणा असतात: ‘अल’ म्हणजे अजून परकीय, ‘पा’ म्हणजे पहिला अर्ज केलेला, ‘ना’ म्हणजे नागरिक झालेला. ‘पा’ किंवा ‘ना’ दिसलं की कुठल्यातरी न्यायालयात कागद आहे असं समजा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर जमीन घ्यायला नागरिक असणं किंवा निदान पहिला अर्ज केलेला असणं आवश्यक होतं, त्यामुळे जमिनीच्या फायलीतही त्याचा माग लागतो.

मग १८९० चं काय? वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला जानेवारी १९२१ मध्ये आग लागली आणि त्या जनगणनेची बहुतेक पानं जळाली, भिजली. जी उरली ती पुढे १९३० च्या दशकात नष्ट करण्यात आली. नुकसान नेमकं नको तिथे झालं. स्वीडन आणि नॉर्वेतून सर्वांत जास्त माणसं गेली ती १८८० च्या दशकात. १८८१ मध्ये आलेला पंचविशीतला तरुण तुम्हाला थेट १९०० मध्ये भेटतो, चाळिशी ओलांडलेला, सहा मुलांचा बाप, इंग्रजी नाव घेतलेला. मधली वीस वर्षं गायब. ती भरायला राज्यांच्या स्वतःच्या जनगणना कामी येतात. मिनेसोटा आणि आयोवा दोन्हीकडे १८८५ आणि १८९५ च्या आहेत. नवख्या अभ्यासकाला राज्याच्या जनगणना असतात हेच माहीत नसतं आणि तो ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं लिहून मोकळा होतो.

जन्मदेशाचा रकानाही सरळ नाही. श्लेस्विगमधला डॅनिश बोलणारा शेतकरी घ्या. १८६४ च्या युद्धात डेन्मार्क हरला, श्लेस्विग हातचं गेलं आणि पुढे प्रशियात गेलं. १९२० च्या सार्वमतानंतर उत्तरेकडचा भाग परत डेन्मार्कला मिळाला. हा एकच माणूस वेगवेगळ्या जनगणनांत डेन्मार्क, श्लेस्विग, प्रशिया, जर्मनी अशा चार ठिकाणी जन्मलेला दिसू शकतो. १९१७ पर्यंत रशियाच्या ताब्यात असलेल्या फिनलंडच्या लोकांचंही तेच. इथे १९१० पासून विचारलेला मातृभाषेचा रकाना फार उपयोगी पडतो. सीमा हलते, आईची भाषा इतक्या लवकर हलत नाही.

एवढं सगळं करूनही अमेरिकेची जनगणना तुम्हाला ‘नॉर्वे’ इथपर्यंतच आणून सोडते. कुठलं गाव, कुठली वाडी, हे ती सहसा सांगत नाही. आणि त्याशिवाय समुद्र ओलांडता येत नाही, कारण तिकडची सगळी नोंद चर्चच्या परगण्यानुसार आहे. म्हणून मध्ये दुसरा कागद लागतो: अमेरिकेतल्या लुथरन चर्चची नोंदवही, थडग्यावरचा मजकूर, मृत्यूनंतर स्थानिक नॉर्वेजियन वर्तमानपत्रात आलेली बातमी, किंवा १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिकडच्या बंदरांवर पोलिसांनी ठेवलेल्या प्रवाशांच्या याद्या. एकदा परगणा कळला की चित्र पालटतं. नॉर्वेच्या १८६५ च्या जनगणनेत घरातली माणसं आहेत, जन्मपरगणा आहे, शिवाय गुरं किती आणि बियाणं किती पेरलं हेही आहे. दोन गाई आणि मूठभर बटाट्याच्या बियाण्यावर सात माणसं असं घर दिसलं की हे लोक का गेले असतील हे वेगळं सांगावं लागत नाही. स्वीडनमध्ये पाद्री घरोघरी जाऊन धर्मज्ञानाची परीक्षा घ्यायचा आणि त्याच वहीत कोण कुठून आला, कोण अमेरिकेला गेला हे लिहायचा.

आता नेहमी येणारा पेच. मिनेसोटातल्या १९०० च्या पानावर ओले ओल्सेन आहे, जन्म १८५८, नॉर्वे. तिकडे १८६५ च्या यादीत सात वर्षांचे ओले ओल्सेन तुम्हाला ढिगाने मिळतील. घाईत असलेला माणूस त्यातला एक उचलतो. मग ते वंशवृक्षावर चढतं, दुसरे लोक ते उतरवून घेतात, आणि दहा ठिकाणी दिसतंय म्हणून ते खरं ठरतं. कोणाच्या तरी पणजोबाच्या जागी परका माणूस बसतो आणि खरा पणजोबा नाहीसा होतो.

यावर अर्थशास्त्रज्ञांनीही डोकं लढवलंय. अब्रामिट्स्की, बूस्टन आणि एरिक्सन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नॉर्वेच्या १८६५ च्या जनगणनेतली मुलं १९०० मध्ये नॉर्वेत आणि अमेरिकेत शोधली. एक भाऊ गेला, एक राहिला, तर कमाईत फरक किती, असा तो प्रश्न. मोठी सुंदर रचना आहे, मुळातून वाचा. जोडणी करताना त्यांनी नाव आणि वय यांची जोडी एकमेव असलेलीच माणसं घेतली. ते योग्यच. पण मग ओले ओल्सेन नमुन्यातून बाहेर पडतो आणि दुर्मीळ नावाचा माणूस आत राहतो. दुर्मीळ नावाची माणसं बाकी बाबतींत इतरांसारखीच होती का, हा प्रश्न उरतो, आणि तो तुमच्या व्हायव्हात तुम्हाला विचारला जाईल.

एकाच घराण्याचा शोध घेणाऱ्याला मात्र ओलेला बाहेर काढण्याची सोय नसते. त्याने नाव बाजूला ठेवून घर बघायचं. बायकोचं नाव, मुलांचा क्रम, त्यांच्यातलं वयाचं अंतर, शेजारचं घर कोणाचं. एका खोऱ्यातले लोक अमेरिकेतही शेजारी शेजारीच वसायचे, म्हणून पानाच्या वरची आणि खालची दहा घरंही उतरवून घ्या. ओले ओल्सेन शेकडो असतील, पण बहीण रांडी, मेहुणा तोस्तेन आणि शेजारी त्याच परगण्यातला गुलब्रांड असलेला ओले ओल्सेन बहुधा एकच असतो.

आणि एक उमेदवार हाती लागला की त्याला सिद्ध करत बसू नका, आधी खोडून काढायचा प्रयत्न करा. सात वर्षांचा तो ओले नॉर्वेच्या १८७५ च्या जनगणनेत आहे का? १९०० मध्येही तिकडेच, बायकामुलांसह सापडतो का? परगण्याच्या दफनाच्या नोंदीत दहा वर्षांचा असताना तर त्याचं नाव येत नाही ना? सापडला, तर तो तुमचा नव्हे. नाही सापडला, तर त्याला यादीत ठेवा आणि पुढचा ओले घ्या.